कढीपत्ता राहिला

भागीरथी गेल्याचं मंगळवारी कळलं. आपले पाय हलतात हे त्यानंतरच्या रविवारी कळलं.

मंगळवारी दुपारी धर्मराज ओव्हाळ हॉस्पिटलमधून कात्रपच्या घरी आले होते. बायकोसाठी संध्याकाळचा डबा न्यायचा होता. मुगाची खिचडी केली, ती जरा लागली, वरची वरची डब्यात भरली आणि फोन वाजला. सिस्टर म्हणाली, "काका, आधी बसून घ्या." ते बसले. मग तिने सांगितलं. धर्मराजांनी विचारलं, "किती वाजता?"

"तीन वाजून चार मिनिटांनी."

त्यांनी ते डब्याच्या पिशवीवर पेनाने लिहून ठेवलं. अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत तेहतीस वर्षं तपासणी खात्यात काढली होती. आकडा लिहून ठेवला की पुढचं काम आपोआप सुचतं, अशी सवय होती. या वेळी सुचलं नाही. शेजारच्या सखूताई धावत आल्या तेव्हा ते पिशवी मांडीवर घेऊन तसेच बसले होते.

रविवारी सोसायटीच्या हॉलमध्ये शोकसभा होती. वंदना झाली. विहाराचे सचिव धम्मदीप बोलायला उभे राहिले. धम्मदीप माणूस चांगला, पण त्यांच्या हातात माइक गेला की तो परत येत नाही अशी ख्याती होती. भागीरथीताईंच्या आठवणींवरून ते वीस मिनिटांत कॉलनीच्या पाण्याच्या टाकीवर आले होते. धर्मराज पहिल्या रांगेत सतरंजीवर बसले होते. तेवढ्यात त्यांच्या उजव्या पोटरीत काहीतरी चालू लागलं. मुंगी नव्हे, कळ नव्हे. पोटरीच्या आत कोणी सोडावॉटर ओतलं असावं, असं काहीतरी. पाय हलवला की थांबायचं, ठेवला की पुन्हा सुरू. त्यांनी उजवा हलवला. मग डाव्याला तेच झालं, म्हणून डावा हलवला. चौथ्या झटक्याला माइकची वायर अंगठ्यात अडकली, पाचव्याला माइक धम्मदीपांच्या हातातून निसटला, सतरंजीवर आपटला, कुईं केलं आणि बंद पडला.

मग मागून कोणीतरी चपळाईने म्हणालं, "आता दोन मिनिटं स्तब्धता पाळू या." सगळे उभे राहिले. उभं राहिल्यावर धर्मराजांचे पाय शाळेतल्या हुशार मुलासारखे शांत झाले.

जाताना लोकांनी त्यांचा हात नेहमीपेक्षा जरा जास्तच दाबला. एक जण कानाशी म्हणाला, "दादा, दुःख मोठं आहे. पण कार्यक्रम वेळेत संपला."

सखूताईंनी निकाल दिला, "दुःखाने अंग थरथरतंय त्यांचं. चहा द्या आधी."

हा जो चहा सुरू झाला तो थांबेना. माणूस गेलेल्या घरात चूल पेटू द्यायची नाही, शेजाऱ्यांनी बघायचं, हे सखूताईंचं तत्त्व. त्या सकाळी थर्मास आणत, अकराला रिकामा घेऊन भरलेला आणत, तिनाला पुन्हा. पाचनंतर भेटायला येणारे. फॅक्टरीतले जुने लोक अंबरनाथहून येत, चुलत भाऊ उल्हासनगरहून येत. प्रत्येक जण चहाला नको म्हणे, आणि मग म्हणे, "बरं, तुम्ही घेणार असाल तर घोटभर घेतो." मग धर्मराजांना घ्यावाच लागे. त्यांनी घेतला नाही तर आलेल्या माणसाला तोंड कोरडं घेऊन जावं लागलं असतं.

खरं सांगायचं तर त्यांना तो आवडत होता. दोन वर्षांपूर्वी ते रिटायर झाले आणि काही दिवसांतच भागीरथीने चारनंतरचा चहा बंद केला होता. कारण विचारलं तर, "दूध उरत नाही." एक लिटर दूध दिसत असतानासुद्धा. त्याच सुमारास तिने त्यांना रोज अळिवाचा लाडू द्यायला सुरुवात केली. "मी काय बाळंतीण आहे का?" असं ते रोज विचारत आणि रोज खात. शिवाय संध्याकाळी सात वाजले की तिला कायम काहीतरी आठवायचं. "अहो, कढीपत्ता राहिला." कात्रपच्या नाक्यावर कढीपत्ता मिळतो, पण तिला तो स्टेशनजवळच्याच बाईकडचा हवा असायचा. आणून दिला की अर्ध्या वेळा म्हणायची, "आणि कोथिंबीर?" धर्मराज पुन्हा चप्पल घालायचे. फॅक्टरीतल्या मित्रांना ते सांगत, "रिटायर माणसाची घरात काय किंमत असते ते मला विचारा."

त्यात एक शेवटची गोष्ट म्हणजे तिचे पाय. संध्याकाळी मालिका लागली की धर्मराज सोफ्यावर बसून पाय समोरच्या वेताच्या मोड्यावर ठेवत. ती शेजारी बसायची आणि आपले दोन्ही पाय त्यांच्या पायांवर टाकायची.

"काढ पाय. जड लागतात."

"माझे दुखतात."

"मग दुसरा मोडा घे."

"दुसरा मोडा कशाला? आहे ना हा."

हे दोन वर्षं रोज.

आता मोडा मोकळा होता आणि धर्मराजांचे पाय त्यावर ठरत नव्हते. संध्याकाळी बसलं की पोटरीत सोडावॉटर. उठून फेऱ्या मारल्या की बरं वाटे. दहा दिवसांत खालच्या मजल्यावरच्या नाथाने विचारलं, "ओव्हालदादा, वरती शिवनमशीन आनली का काय? संध्याकालचा खडखड खडखड आवाज येतो."

धर्मराजांनी वही काढली. बिघाड आहे म्हणजे कारण आहे, आणि कारण आहे म्हणजे ते मापात सापडतं, यावर त्यांचा विश्वास होता. त्यांनी पट्टीने रकाने आखले. वेळ, कुठला पाय, दहा मिनिटांत किती वेळा, शेरा. शेऱ्यात ते लिहीत, "पाहुणे होते", "पाहुणे नव्हते", "फॅन चालू", "फॅन बंद". पूर्वेकडे तोंड करून बसून पाहिलं, पश्चिमेकडे बसून पाहिलं. पाहुणे असताना आकडा वाढतो एवढं दिसलं. माणसांची ॲलर्जी असेल, असं त्यांनी पेन्सिलीने लिहिलं आणि खोडलं.

एक तारखेला मुलीचा, स्वप्नालीचा, नाशिकहून व्हिडिओ कॉल आला. धर्मराजांनी फोन गुडघ्यावर टेकवला.

"बाबा, तुम्ही रिक्षात आहात का?"

"घरी आहे."

"मग मागचं कपाट का नाचतंय?"

सांगावं लागलं. तिने आधी ओरडून घेतलं, मग दहा मिनिटांत फोनवर शोधून परत कॉल केला. "याला रेस्टलेस लेग म्हणतात. पायांना स्वस्थ बसवत नाही. पण दुसरंही काही असू शकतं. बाबा, तुम्ही एकटे, त्यात दुसरा मजला, त्यात पाय असे. मी पंधरा तारखेला गाडी घेऊन येते. तोवर थांबलं तर ठीक. नाहीतर घराला कुलूप आणि तुम्ही नाशिकला."

"किती दिवस?"

"दिवस कसले, बाबा? कायमचं."

धर्मराजांना नाशिकचा राग नव्हता. पण हे घर त्यांना आत्ता कुठे कळायला लागलं होतं. हिंगाची डबी सापडायला त्यांना पंधरा दिवस लागले होते. ती पिठाच्या डब्यामागे होती. भागीरथीने तिथे का ठेवली असेल, यावर त्यांनी एक दुपार घालवली. फ्रीजमागच्या फळीवर त्यांना चार मोठ्या बरण्या सापडल्या होत्या, चारही वाळलेल्या कढीपत्त्याने गच्च भरलेल्या. एवढा कढीपत्ता असताना ती रोज आणायला का लावायची? तिचं विसरणं वाढलंय, असं ते वर्षभरापूर्वी स्वप्नालीला म्हणाले होते. अजून अशी किती कोडी या घरात होती कोणास ठाऊक. कुलूप लावलं की ती आतच राहणार.

चौदा दिवस होते. त्यांनी वहीत वर तारीख घातली आणि नाथाला बोलावलं.

नाथा मूळचा इथलाच. बिल्डिंग उभी आहे ती जमीन एके काळी त्याच्या आजाची होती, त्यामुळे बिल्डिंगमधल्या सगळ्यांच्या तब्येतीची जबाबदारी आपली, असं तो समजत असे. त्याने पोटरी दाबून पाहिली. "ह्यो वारा हाय दादा. नसंत शिरलाय. निरगुडीचे पाल्याचा शेक घ्या. गरम पानी, बादली, दोन्ही पाय आत. वारा पलाला नाय तर माझा नाव बदला."

"किती गरम?"

"सोसंल तवरा."

"म्हणजे किती डिग्री?"

नाथाने पोटरी सोडली. मग म्हणाला, "तुमी फकस्त पाय घाला."

त्याच दिवशी पहिल्या मजल्यावरच्या एका मावशींनी आणखी एक उपाय सांगितला होता. साबणाची नवी वडी चादरीखाली पायांशी ठेवायची, पाय शांत होतात. कसे होतात ते त्यांना माहीत नव्हतं, पण त्यांच्या नणंदेचे झाले होते. धर्मराजांनी विचार केला, एक वडी असर करते की चार, हे बघायला हवं. म्हणून त्यांनी चार आणल्या आणि दिवाणाच्या पायथ्याशी चादरीखाली ओळीने मांडल्या. दिवाणावर बसूनच बादलीत पाय घालायचे, म्हणजे दोन्ही उपाय एकदम होतील.

संध्याकाळी साडेसहाला पाय बादलीत गेले. पहिली सात मिनिटं छान गेली, तसं त्यांनी लिहिलं. आठव्या मिनिटाला सखूताई थर्मास घेऊन आल्या, कपभर ओतून दिला आणि थर्मास भरून आणायला परत गेल्या. चहा पिऊन धर्मराज जरा मागे रेलले आणि दोन्ही पायांना एकदम आठवण झाली. बादली आडवी झाली. पाणी जमिनीवर गेलं. ते पुसायला त्यांनी हाताला आली ती चादर ओढली, तर चादरीबरोबर साबणाच्या चारही वड्या गरम पाण्यात उतरल्या. धर्मराज चादरीने जेवढं पुसत होते तेवढा फेस होत होता. फेस उंबरठ्यावरून बाहेर गेला, जिन्यावर आला आणि निरगुडीची पानं सोबत घेऊन पायरी पायरी खाली निघाला.

"अगं बाई!" असा आवाज आला. सखूताई जिन्याच्या वरच्या पायरीवर बसलेल्या होत्या, बसायचं मनात नसताना. त्यांना लागलं नव्हतं. थर्मास मात्र एक एक पायरी मोजत खाली चालला होता आणि नाथाच्या दारावर जाऊन फुटला. नाथा दार उघडून बाहेर आला, फेसात उभा राहिला, पायाला चिकटलेलं पान उचलून पाहिलं आणि वर बघून ओरडला, "दादा, वारा पलाला का?"

धर्मराजांनी शेऱ्यात लिहिलं, "नाही."

दुसऱ्या दिवशी सखूताई नव्या थर्मासात चहा घेऊन आल्या. बराच वेळ पदराचं टोक चाळवत बसल्या. मग म्हणाल्या, "भाऊजी, उल्हासनगरला एक डॉक्टर आहेत. हाडं बसवतात, मणके मोकळे करतात. गोळ्या देत नाहीत. कॅम्प चारला, कापडाच्या दुकानावर, जिना मागून आहे, आठवी पायरी मोडकी आहे."

"तुम्हाला पायरीसुद्धा माहीत?"

"भागीरथीबरोबर गेले होते ना. गुडघ्यासाठी. दोनदा. मी बाहेरच बसले होते."

भागीरथी गुडघ्यासाठी उल्हासनगरला गेली होती, हे धर्मराजांना नवीन होतं. त्यांनी ते वहीच्या मागच्या पानावर लिहिलं. तिथे हिंग आणि कढीपत्ता आधीच होते.

आठवी पायरी खरंच मोडकी होती. वर छोटा दवाखाना, एक बाक, आणि बाकासमोर स्टँडवर टांगलेला पांढऱ्या प्लास्टिकचा माणसाच्या पाठीचा कणा. धर्मराज बाकावर बसले आणि त्याच्याकडे कौतुकाने बघू लागले. काम चांगलं होतं. फक्त खालचा नट ढिला होता. उठून तो आवळावा असं त्यांच्या मनात आलं, पण दुसऱ्याच्या मालाला विचारल्याशिवाय हात लावू नये म्हणून ते थांबले. हात थांबले. पाय थांबले नाहीत. पाचव्या मिनिटाला उजव्या पायाने स्टँडला लाथ घातली, नट गळून पडला आणि एकामागून एक मणके दांडीवरून घसरून फरशीवर पसरले.

डॉक्टर भूपेश आतून बाहेर आले तेव्हा एक साठीचा माणूस फरशीवर मांडी घालून मणके आकाराप्रमाणे लावत होता.

"साईं, ये क्या कर रहे हो?"

"जुळवतोय. तुमचा नट ढिला होता." धर्मराजांनी शेवटचा मणका दांडीवर चढवला, नट आवळला, कणा टांगला आणि दोन पावलं मागे जाऊन पाहिलं. मग बाकाखाली पाहिलं. "एक उरला."

"कौन सा?"

"ते तुम्ही सांगायचं. डॉक्टर तुम्ही."

डॉक्टरांनी कण्याकडे पाहिलं, हातातल्या मणक्याकडे पाहिलं. "छोडो. तीन साल से टंगा है, कोणी मोजला नाही."

धर्मराजांना हे उत्तर पटलं नाही. मणका हरवू नये म्हणून त्यांनी तो शर्टाच्या खिशात टाकला. आणि सुटा भाग उरला तरी चालतो असं म्हणणाऱ्या माणसाच्या हातात आपली पाठ द्यावी का, असा विचार करत करतच ते आतल्या टेबलावर पालथे झाले. डॉक्टरांनी कंबरेवर हात ठेवला, श्वास सोडायला सांगितला आणि दाबलं. कट. पुन्हा कट.

"दोन," धर्मराज म्हणाले.

"क्या दोन?"

"आवाज."

आणखी दोन झाले. पाठ खरंच हलकी झाली. त्यांना उताणं झोपवलं. डॉक्टरांनी पोटऱ्या ताणायचे दोन प्रकार शिकवले. पाय तीन मिनिटं एकदम शांत राहिले. धर्मराज घड्याळ बघत होते. नाशिकचं तिकीट रद्द झाल्यासारखं त्यांना वाटलं. चौथ्या मिनिटाला डाव्या पायाने डॉक्टरांच्या चाकाच्या स्टुलाला लाथ मारली आणि ते एकटंच दारापर्यंत गेलं.

डॉक्टर स्टूल घेऊन परत आले आणि बसले. "बघा, खोटं नाही बोलणार. पाठ मी मोकळी करू शकतो. स्ट्रेच शिकवू शकतो, थोडा आराम पडेल. पण ही बिमारी हाडाची नाही, आतली आहे. चाय किती पिता?"

"मोजला नाही."

"कब से कब तक हिलते हैं पैर, वो पता है?"

"ते सगळं आहे." धर्मराजांनी पिशवीतून वही काढून दिली.

डॉक्टरांनी पहिलं पान उघडलं. दुसरं उघडलं. पट्टीने आखलेले रकाने बघितले, फॅन चालू, फॅन बंद वाचलं. मग चष्मा वर करून धर्मराजांकडे बघितलं. "आप वही हो! गिनने वाले! कात्रप के!"

"कोण वही?"

डॉक्टर उठले, मागच्या कपाटातून एक पिवळी फाइल शोधून काढली. "दोन वर्षांपूर्वी एक मॅडम आली होती. नाव गुडघ्याचं, पण गुडघा पाच मिनट, बाकी पूरा टाइम नवऱ्याचे पाय. बोली, रात को लात मारता है, उसको पताच नहीं. मी बोललो, घेऊन या त्यांना. बोली, वो नहीं आएगा." त्यांनी फाइल उघडली. "ये देखो, मैंने लिखा भी है. मॅडम बोली, पेशंट को बताना नहीं. बताया तो गिनता बैठेगा, न खुद सोएगा, न मेरे को सोने देगा." डॉक्टर हसले. "मॅडम कशी आहे?"

धर्मराज टेबलावरून खाली उतरले.

"गेली. दीड महिना झाला."

डॉक्टरांनी फाइल मिटली. मग आपली खुर्ची पुढे केली. "बैठो साईं. नीट बसा."

"बसलं की हलतात."

"हलू दे."

धर्मराज बसले. पाय हलत राहिले. त्यांनी फाइलकडे बोट केलं, "तारीख काय आहे त्याच्यावर?"

ऑगस्टची अठरा होती. धर्मराजांनी मनात हिशेब केला. चारनंतरचा चहा एकोणीस तारखेला बंद झाला होता. पक्कं आठवत होतं, कारण त्या दिवशी त्यांनी भांडण केलं होतं.

"चहा तुम्ही सांगितला होता?"

"चार के बाद बंद, बोला था. और खून की जाँच. आयर्न कमी असला की पाय असे हलतात. बोली, सुईला घाबरतो, दुसरं काही सांगा."

"म्हणून अळिवाचे लाडू."

"वो उसका दिमाग. मी फक्त बोललो, आयर्न."

"आणि कढीपत्ता?"

"कढीपत्ता?" डॉक्टरांनी कागद खालून वर वाचला. "नहीं. मैंने लिखा, शाम को आधा घंटा चलाओ. बोली, फिरायला जा म्हटलं तर नाही जाणार, सामान लाने भेजूँगी तो जाएगा. दूसरी बार आई तब बोली, बीस मिनट में वापस आ जाता है. मी म्हटलं, वाढवा."

"मग कोथिंबीर सुरू झाली," धर्मराज म्हणाले.

आता त्यांना पुढचं विचारायचं होतं आणि विचारायचं नव्हतं. त्यांनी मागच्या पानावर पेन ठेवलं. डॉक्टर स्वतःच म्हणाले, "एक और था. संध्याकाळी बसताना पायांवर वजन ठेवा. रेती की थैली, भारी कंबल, कुछ भी. उस पे बोली," त्यांनी कागद जवळ धरला, "थैली किसलिए? मैं हूँ ना."

धर्मराजांनी पेन ठेवलं होतं तिथे ठिपका मोठा होत गेला.

घरी येताना ते रिक्षात बसले नाहीत, अंबरनाथपर्यंत चालत आले आणि तिथून लोकल पकडली. दारात सखूताई थर्मास घेऊन उभ्या होत्या.

"सखूताई, चहा बंद. चारनंतर अजिबात नाही."

"का? काय सांगितलं डॉक्टरांनी?"

"तेच, जे भागीरथीला सांगितलं होतं. तुम्ही बरोबर होतात ना?"

"मी बाहेर बसले होते, भाऊजी! मला गुडघाच माहीत!" मग त्यांचं लक्ष हातातल्या थर्मासाकडे गेलं. "म्हणजे हे सगळं मीच..." त्या तिथेच पायरीवर बसल्या, या वेळी फेस नसताना.

"तुम्ही एकट्या नाही," धर्मराज म्हणाले. "आलेला प्रत्येक माणूस. आणि प्यायलो तर मीच." त्यांनी वही उघडली. सगळे रकाने होते, चहाचा तेवढा नव्हता. तेहतीस वर्षांत तपासणीत अशी चूक त्यांच्याकडून झाली नव्हती. पाहुण्यांची ॲलर्जी नव्हती, हे मात्र सिद्ध झालं.

सुई टोचून घेतली. त्या वेळी डोळे मिटले होते, पण ते कोणाला सांगितलं नाही. कात्रपच्या डॉक्टरांनी रिपोर्ट पाहून सांगितलं, लोह फारच कमी आहे. धर्मराजांना हसू आलं. जन्मभर लोखंड मोजलं आणि अंगातच भरलं नाही. गोळ्या सुरू झाल्या. डॉक्टर म्हणाले, लगेच काही होणार नाही, महिने लागतील. नाथाला हे आवडलं नाही. त्याच्या मते निरगुडी आणखी दोनदा घ्यायला हवी होती. अळिवाची बरणी धर्मराजांनी मागेच बिल्डिंगमधल्या एका गरोदर मुलीला देऊन टाकली होती. त्यांनी नवे अळीव आणले आणि लाडू केले. ते वळले नाहीत. चमच्याने खाल्ले.

पंधरा तारखेला स्वप्नाली आली. तिच्याबरोबर एक रिकामी सूटकेस होती, ती बापासाठी, आणि एक मोठं जड पार्सल. संध्याकाळी तिने बापाला समोर बसवलं आणि त्यांच्या पायांकडे बघत बसली. धर्मराजही बघत बसले. दहा मिनिटांत तीन वेळा हलले. एक तारखेला हा आकडा एकवीस होता. त्यांनी वही पुढे केली. तिने पानं उलटली, हसली, आणि मग मागच्या पानावर आली, जिथे डॉक्टर भूपेशांनी सांगितलेलं सगळं लिहिलेलं होतं. ते पान तिने दोनदा वाचलं.

सात वाजले. धर्मराज उठले, चप्पल घातली.

"कुठे निघालात?"

"कढीपत्ता आणायला."

"बाबा, चार बरण्या भरलेल्या आहेत घरात."

"माहीत आहे."

ते अर्ध्या जिन्यात असताना वरून आवाज आला, "बाबा! कोथिंबीर पण आणा."

सकाळी ती रिकामी सूटकेस घेऊन परत गेली. दर रविवारी वहीचा फोटो पाठवायचा, या अटीवर. पार्सल ठेवून गेली. त्यात सात किलोचं ब्लँकेट होतं, खास पायांवर ठेवायचं, तिने मुद्दाम मागवलेलं.

वहीत आता नवे रकाने आहेत. चहाचा आहे, चालण्याचा आहे, लाडवाचा आणि गोळीचा आहे. ते रोज भरले जातात. डॉक्टर भूपेशांचा मणका टीव्हीवर ठेवलेला आहे, तो नेऊन द्यायचा आहे. एक रकाना शेवटी आखलेला आहे, तो कोराच आहे. ब्लँकेट घडी करून कपाटात आहे. पायांवर वजन ठेवायचं अजून राहिलं आहे.